आरशातलं 'नाही'

माझी सून नेदका एकोणिसाव्या वर्षी या घरात आली, तेव्हा तिच्या पिशवीत एक चांगली कात्री होती आणि तोंडाला कुलूप नव्हतं. आठवडाभर मी ऐकलं. मग मेतोदीला, माझ्या मुलाला, बाजूला घेऊन विचारलं, "ही झोपेत तरी गप्प असते का रे?" तो म्हणाला, "नाही आई, झोपेत गुणगुणते."

त्याला आता तीस वर्षं झाली. मेतोदी जर्मनीत ट्रक चालवतो. वर्षातून दोनदा येतो, खातो, झोपतो, निघून जातो. घरात आम्ही दोघीच. सासू-सुनेनं भांडायचं ते सगळं आम्ही पहिल्या दहा वर्षांत उरकून घेतलं, आणि मग भांडायला विषयच उरले नाहीत म्हणून मैत्रिणी झालो.

सलून घराच्या खालच्या गॅरेजात. दोन खुर्च्या, एक केस धुवायचं बेसिन आणि जुन्या सरकारी सलूनमधून उचलून आणलेला एक टोपीवाला ड्रायर. तो चालू झाला की नदीपलीकडे रुमेनियात ऐकू जात असेल. माझ्याकडे टॉवेल धुणं, कॉफी करणं आणि शेगडीजवळच्या खुर्चीत बसणं, अशी तीन कामं. तिसरं मी सगळ्यात मनापासून करते.

नेदकाच्या हाताखालून गावातल्या निम्म्या बायकांची डोकी जायची. कोणाच्या मुलाचं परदेशात लग्न ठरलं, कोणाच्या नवऱ्याच्या मोटारीत कोणाची कानातली सापडली, सगळं तिला आधी कळायचं आणि दुपारपर्यंत गावाला. बायका म्हणायच्या, "नेदका, तू केस कापायचे पैसे घेतेस की बातम्यांचे?" ती म्हणायची, "बातम्या फुकट. शेजारणीला सांगायच्या अटीवर."

पेनाची मुलगी वेलिना तिचं लाडकं गिऱ्हाईक. पेना आमच्या चर्चमागच्या गल्लीतली, नवरा लवकर गेलेला, एकच लेक. वेलिना विसाव्या वर्षी स्पेनला स्ट्रॉबेरी तोडायला गेली ती सहा वर्षं तिकडेच राहिली. परत आली तेव्हा उन्हानं चेहरा तांबूस झालेला, दोन भाषा बोलायची, हसताना मान मागे टाकायची. वर्षभरात तिहोमिरशी लग्न केलं. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी त्याचं मोटारी दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्याच्या नावाचा अर्थ शांत, आणि माणूसही तसाच. आवाज कधी चढला नाही. आमचा पाणी तापवायचा बंब बिघडला तर चिखलाचे बूट दाराबाहेर काढून आत यायचा, दुरुस्त करायचा आणि मला म्हणायचा, "आजी, पैसे नकोत. बनित्सा असली तर द्या." मी त्याला चीज भरलेली, पापुद्र्यांची गरम बनित्सा द्यायची, तीही कडेचा कुरकुरीत तुकडा. तो तुकडा मी मेतोदीसाठीसुद्धा ठेवत नसे.

एक शरद ऋतू होता, सगळ्या गावात मिरच्या भाजल्याचा वास. वेलिनाचं डोकं बेसिनवर होतं, नेदका साबण लावत होती. बोटं कानामागे गेली आणि थांबली. तिथं नाण्याएवढी जागा मोकळी होती.

"अगं बाई," नेदका मोठ्यानं म्हणाली, "कोणी उपटले की काय तुझे केस?"

सलून हसलं. ड्रायरखालची बाईसुद्धा हसली, तिला तर काही ऐकूही आलं नव्हतं. वेलिनाही हसली. मला वाटतं, सगळ्यांपेक्षा जरा जास्तच वेळ हसली. म्हणाली, "ताणामुळे गळतात, ताई."

संध्याकाळी टॉवेल वाळत घालताना नेदका गप्प होती. एवढा वेळ गप्प म्हणजे ताप असणार, म्हणून मी तिच्या कपाळाला हात लावला. तिनं तो बाजूला केला.

"आई, केस गळतात तेव्हा जागा गुळगुळीत होते. मी शंभर डोकी पाहिलीयत. हिच्या जागेवर खपली होती."

मी टॉवेल झटकला. म्हटलं, "लोकांच्या घरात आपण कशाला बघायचं."

हे मी म्हटलं. लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं लिहिताना स्वतःला वगळलं तर ते बरं दिसणार नाही.

त्या हिवाळ्याआधी वाचनालयाच्या दालनात एक वर्ग भरला. शहरात मारहाण झालेल्या बायकांसाठी निवारा आहे, तिथली दारिना नावाची बाई आली होती. आसपासच्या गावांतल्या केस कापणाऱ्या, नखं रंगवणाऱ्या, भुवया कोरणाऱ्या अशा तीसेक जणी. नेदका मलाही घेऊन गेली. "घरी एकट्या बसून माझ्या बरण्या उघडून बघाल, त्यापेक्षा चला."

दारिना पोरसवदा दिसायची, पण डोळे खूप जागलेल्या माणसाचे. ती म्हणाली, "डॉक्टरकडे बायका जात नाहीत. पोलिसांकडे तर नाहीच. पण तुमच्याकडे सगळ्या येतात, आणि डोकं मागे टाकून मान उघडी करतात. तुम्हाला जे दिसतं ते त्यांच्या आईलाही दिसत नाही."

मग तिनं सांगितलं काय पाहायचं. कानामागे, मानेवर, दंडाच्या आतल्या बाजूला. ब्रश उचलला की कोण दचकतं. कोणाचा फोन दर दहा मिनिटांनी वाजतो. आणि विचारायचं कसं. "'तो मारतो का' असं नका विचारू. 'घरी भीती वाटते का' असं विचारा. माणूस शेजारी नसताना. आणि मग गप्प बसा."

मागून एक नखंवाली म्हणाली, "गप्प बसलं तर गिऱ्हाईक झोपतं."

दुसरी म्हणाली, "नेदका गप्प बसली तर गिऱ्हाईक रुग्णवाहिका बोलावेल."

नेदकाही हसली, पण तिची पेन्सिल चालूच होती.

दारिनानं छापील कागद वाटले. बाहेरच्या कुठल्याशा भाषेतून आपल्या भाषेत आणलेले. त्यात एक ओळ होती: ग्राहकाला बोलणे शक्य नसेल आणि तिने मान खाली-वर हलवली, तर होकार समजावा. ती ओळ वाचली गेली आणि दालनात खसखस पिकली. आमच्याकडे मान खाली-वर केली की नाही, आणि डावी-उजवीकडे हलवली की हो. आजी-पणजीपासून तसंच. बाकीचं जग उलटं करतं, त्याला आम्ही काय करणार.

"या कागदाप्रमाणे चालले तर गावातल्या सगळ्यांचं टक्कल करून ठेवीन मी," पुढच्या रांगेतली एक म्हणाली.

दारिना लाल झाली. "माझ्या नजरेतून सुटलं. खोडा ती ओळ. उलटी लिहा." तीस बायकांनी ओळ खोडली. नेदकानं पट्टी लावून खोडली, वर मोठ्या अक्षरांत उलटं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. शाळेत तिला कधी एवढं मन लावून लिहिताना कोणी पाहिलं नसेल.

त्यानंतर नेदका बदलली. बायका बातम्या मागायच्या आणि ती म्हणायची, "मला काही माहीत नाही बाई, सगळं तूच सांग." आधी त्यांना वाटलं ती रुसलीय. मग त्या सांगायला लागल्या. मी शेगडीजवळ बसून ऐकायची आणि घातलेल्या टॉवेलांच्या घड्या मोडून पुन्हा घालायची. संडासाच्या दाराला आतून तिनं निवाऱ्याचा नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. आठवड्यात तीन चिठ्ठ्या कोणी कोणी फाडून नेल्या. ती नव्या लावत गेली, कोणी फाडल्या ते विचारलं नाही.

वेलिना आली तेव्हा नेदकानं नळ पूर्ण सोडला, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. वाकून विचारलं, "घरी भीती वाटते का तुला?"

"कपाटाचं दार लागलं होतं, ताई."

"मी कपाटाचं विचारलं नाही."

वेलिनानं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "पाणी जरा गरम करा."

पुढच्या खेपेला ती म्हणाली, "कधी कधी वाटते." एवढंच. आणि त्याच्या पुढच्या खेपेला तिहोमिर तिच्याबरोबर आला. हसत आला. "म्हटलं, बायको इतका वेळ कुठं घालवते बघावं." तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. मी त्याला बनित्सा दिली. तेव्हापासून तो दर वेळी येऊ लागला.

जानेवारीत एका सकाळी ती एकटी धावत आली, केसांच्या पिना घ्यायला. तिहोमिर कोणाच्यातरी मोटारीखाली आडवा होता. दोनच मिनिटं होती. ती दारातच उभी राहून बोलली. फोन तो बघतो. आईकडे गेले होते, परत आले. जायचं मनात आहे, पण अजून धीर होत नाही.

नेदका म्हणाली, "तू नुसतं हो म्हण. दारिनाची पांढरी गाडी सकाळी साडेआठला पावाच्या दुकानामागे उभी करते. पुढचं ती बघेल."

"आठ मार्चच्या आदल्या दिवशी केस करायला येईनच मी. तो आणणारच. तोवर ठरवते."

"त्याच्यासमोर विचारू कशी?"

वेलिनानं आरशात स्वतःकडे पाहिलं. "कपाळावरचे केस कापू का, असं विचारा. हो म्हटलं तर दुसऱ्या दिवशी गाडी. नाही म्हटलं तर नाही." आणि पिना न घेताच गेली. नेदकानं मला पिना देऊन तिहोमिरच्या गॅरेजात पाठवलं. मी त्या तिहोमिरच्या हातात दिल्या. म्हटलं, तुझी बायको विसरली. तो म्हणाला, "ती सगळंच विसरते, आजी."

स्त्रियांचा सण आठ मार्चला, आणि आदल्या दिवशी गावातली एकही बाई न केलेल्या केसांनी घरी जात नाही. त्या दिवशी सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. केसांचा फवारा, कॉफी, ट्युलिपची फुलं. सगळ्यांच्या मनगटावर मार्च महिन्यात बांधायचे लाल-पांढरे दोरे. वेलिनाच्या मनगटावर चार-पाच दोरे होते, रुंद पट्ट्यासारखे गुंडाळलेले. मला तेव्हा ते हौसेचे वाटले.

तिहोमिर तिच्या खुर्चीच्या मागे उभा राहिला, कारण बसायला जागा नव्हती. म्हणजे आरशात दोघं एकाच वेळी दिसत होते. नेदकानं केस धुतले, रोलर लावले, काढले, फुगवले. शेवटी कंगवा घेऊन तिनं पुढची बट खाली ओढली.

"वेलिना, कपाळावरचे केस कापू का?"

तिहोमिर म्हणाला, "नको. लांबच छान दिसतात."

नेदकानं त्याच्याकडे पाहिलं नाही. आरशात वेलिनाकडेच पाहत राहिली. वेलिनाचं तोंड उघडलं नाही. तिनं मान हलवली. अगदी थोडी, हनुवटी खाली आणि वर, एकदा.

म्हणजे नाही.

नेदकानं बट वर घेतली, पिन लावली. तिहोमिरनं सगळ्या बायकांना सणाच्या शुभेच्छा दिल्या आणि मला एक ट्युलिप. दोघं गेले. नेदका संध्याकाळी सातपर्यंत डोकी करत राहिली आणि दारिनाला फोन करून म्हणाली, "नाही म्हणाली. गाडी नको."

दारिना म्हणाली, "निर्णय तिचा आहे. तू बरोबर केलंस. पुन्हा विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला वेलिना पावाच्या दुकानामागे उभी होती. निळी बॅग घेऊन. दुकानातल्या बाईनं मागच्या खिडकीतून पाहिलं. तिला वाटलं, कोणीतरी न्यायला येणार असेल, सणाचा दिवस. पाऊण तास उभी होती. आमच्याकडे येता आलं असतं, पण आमची गल्ली त्याच्या गॅरेजावरून जाते. आईकडे का गेली नाही, ते मला पुढे कळलं. ती घरी परत गेली. बॅग रिकामी करून ठेवायच्या आत तो फुलं घेऊन घरी आला.

तिला वाचवता आलं नाही, एवढंच लिहिते. तिहोमिर आता तुरुंगात आहे आणि म्हणतो की त्याला काही आठवत नाही.

आमच्याकडे मयताचा फोटो छापलेला कागद दारांवर, झाडांवर लावतात. सासरच्यांनी छापलेल्या कागदावर होतं, 'अचानक आम्हाला सोडून गेली.' पेनानं छापलेल्यावर फक्त नाव आणि वय. नेदकानं पेनाचा कागद सलूनच्या दारावर लावला आणि सलून बंद करून टाकलं.

ती कोड्यात पडली होती. दिवसभर ओट्याशी बसायची आणि मला विचारायची, "आई, नाही म्हणाली ना? तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं. नाही म्हणाली."

"मग तिथं कशाला उभी राहिली?"

"रात्रीतून मन बदललं असेल."

"मग गाडी येणार नाही हे तिला माहीत होतं. माहीत असून पाऊण तास?"

मी सूप वाढायची.

चाळीस दिवस झाले. चर्चमध्ये वेलिनाच्या नावानं उकडलेले गहू वाटले गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पेना बंद सलूनच्या दाराशी आली. काळा रुमाल, हातात काही नाही. "केस धुवून दे," म्हणाली. "चाळीस दिवस पाणी लागलं नाही. घरी हात वर जात नाहीत."

नेदकानं दार उघडलं. बंब पेटवला. पेनानं डोकं मागे टाकलं आणि डोळे मिटले. मी शेगडीजवळ नेहमीच्या जागी बसले, उठून जावं असं वाटलं तरी.

साबण लावता लावता नेदका म्हणाली, "पेनाकाकू, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"सांग. पाणी गार होऊ देऊ नकोस."

नेदकानं सगळं सांगितलं. खपलीपासून. आपण केलेला विनोदसुद्धा सांगितला. पिना, गाडी, कपाळावरचे केस. "मी विचारलं आणि तिनं मान अशी केली. मी गाडी नको म्हणून सांगितलं."

"अशी म्हणजे कशी? मला दिसत नाही."

"खाली-वर."

पेनानं डोळे उघडले. छताकडे बघत राहिली. साबणाचा फेस तिच्या कानात गेला तरी तिनं पुसला नाही.

"ती तशीच करायची," ती म्हणाली. "स्पेनहून आल्यापासून. लोकांत सांभाळायची. पण दमली की, घाबरली की, मान तिकडची व्हायची. मी ओरडायचे तिच्यावर. माझ्या घरात मान नीट हलव म्हणायचे."

नेदकाचे हात पेनाच्या केसांतच राहिले. नळ चालू होता. तिच्या तोंडाचा रंग बेसिनसारखा पांढरा झाला.

पेना म्हणाली, "म्हणजे तिला यायचं होतं."

"हो."

"हिवाळ्यात माझ्याकडे आली होती. रविवारी. मी म्हटलं, नवरा आहे, रागीट असतात पुरुष, सांभाळून घे. चहा प्यायली आणि गेली. मला वाटत होतं, तिनं माझं ऐकलं. चाळीस दिवस मला तेच वाटत होतं, माझं ऐकलं म्हणून जिवानिशी गेली."

"नाही ऐकलं, काकू."

"नाही ऐकलं," पेना म्हणाली. ते तिला बरं वाटलं की वाईट, ते मला तिच्या आवाजावरून कळलं नाही. बहुतेक तिलाही कळलं नसेल. "मी तुला माफ करायला आलेली नाही, नेदका. मी केस धुवायला आले."

"माहीत आहे."

"मग धू."

नेदकानं साबण काढला, दोन वेळा पाणी घातलं, टॉवेल गुंडाळला. पेना उठून खुर्चीत बसली. आरशात न बघता तिनं विचारलं, "किती वेळ उभी होती?"

"पाऊण तास."

"गार होतं त्या दिवशी. नदीवरून वारा होता."

"होता."

"डोक्यावर टोपी होती का?"

नेदकाला माहीत नव्हतं. ती माझ्याकडे वळली. मलाही माहीत नव्हतं. पण पेना माझ्याकडे बघत होती, पहिल्यांदाच, आणि तिचे ओले केस खांद्यावर ठिबकत होते.

"होती," मी म्हटलं. "लोकरीची. कानावरून ओढलेली."

पेनानं मान डावी-उजवीकडे हलवली. बरं, असं. मग रुमाल बांधला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी पाव आणायला गेले तेव्हा दुकानातल्या बाईला विचारलं. तिनं आठवून पाहिलं. नव्हती, म्हणाली. डोकं उघडंच होतं, आदल्या दिवशी केलेले केस विसकटू नयेत म्हणून तिनं वाऱ्याकडे पाठ केली होती.